पहिला चेनसॉ: जुना घ्यावा का नवीन?

प्रश्न
मंडळी, आयुष्यातला पहिलाच चेनसॉ घ्यायचाय. वादळात पडलेली दोन-तीन झाडं कापायचीत आणि नंतर वर्षभर फांद्या, सरपण एवढंच काम, जाडी फार तर फूटभर. ओळखीतला एक जण ६० सीसीचा, २० इंची पट्टीचा (चेन जिच्यावरून फिरते ती) जुना चेनसॉ नव्याच्या अर्ध्या किमतीत देतोय. बघायला गेलो तर पहिल्याच ओढीला चालू झाला, आवाजही कडक. पण मला इंजिनातलं काहीच कळत नाही म्हणून मन धजत नाहीये. घेऊ का?

उत्तर १
भाऊ, तुम्ही पोचायच्या आधी त्याने एकदा चालू करून ठेवला नव्हता ना? गरम इंजिन लगेच उचलतं, खरी परीक्षा गार इंजिनाची. परत जा, आधी सायलेन्सरला हात लावून बघा, गार असेल तरच दोरी ओढायला सांगा. चालू झाला की रेस सोडल्यावर चेन जागच्या जागी थांबली पाहिजे, फिरत राहिली तर आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) जास्त ठेवलंय नाहीतर क्लचची स्प्रिंग गेलीय. मग पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर थोडं लांब धरून रेस द्यायची, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटते. नाही उमटली तर पट्टीला तेल जात नाहीये, अशी पट्टी बघता बघता जळते.

उत्तर २
माझं मत वेगळं आहे दादा, चांगला असला तरी ६० सीसी पहिल्या हाताला नकोच. तुमच्या कामाला ३५ ते ४५ सीसी आणि १४-१६ इंची पट्टी भरपूर झाली. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून सरळ तोंडाकडे येते, याला किकबॅक म्हणतात आणि हे इतक्या पटकन होतं की हात आवरायला वेळच मिळत नाही. म्हणून जुना बघताना चेन ब्रेक आधी तपासा, पुढचा दांडा ढकलला की चेन थांबलीच पाहिजे. आणि चेनपासून वाचवणारी पॅन्ट, हेल्मेट, तोंडावरची जाळी, कानावरचं संरक्षण, बूट हे सगळं बजेटमध्ये आधी धरा, मशीन नंतर. माझ्या मांडीवर टाके पडलेत म्हणून कळकळीने सांगतेय.

उत्तर ३
सायलेन्सर खोलून टॉर्च मारा, भोकातून पिस्टन दिसतो. गुळगुळीत असेल तर उत्तम, उभे ओरखडे असतील तर कोणीतरी ऑइल न घालता नुसतं पेट्रोल चालवलंय किंवा मिक्श्चरमध्ये ऑइल कमी पडलंय, मग फुकट दिला तरी नको. मॅन्युअलमध्ये ५०:१ असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल, अंदाजाने ओतायचं नाही.

प्रश्नकर्ता
काल परत गेलो. गार असताना अकरा ओढी लागल्या. सायलेन्सर खोलायला त्याने हो म्हटलं, आत टॉर्च मारला तर पिस्टनवर नखाने ओढल्यासारख्या चार-पाच उभ्या रेघा. त्यालाही माहीत नव्हतं बहुतेक, चेहराच पडला बिचाऱ्याचा. मी नवीन ४० सीसीचा, १६ इंचीच घेतोय, आणि पॅन्ट-हेल्मेट आजच ऑर्डर केलं. धार लावायला कानस कुठली घेऊ?

उत्तर १
चेनचा पिच, म्हणजे कड्यांमधलं इंचातलं माप, बघून घ्या. ३/८ लो-प्रोफाइल असेल तर ४ मिमीची गोल कानस, .३२५ असेल तर ४.८ ची. भुशाची पावडर पडायला लागली की धार गेली समजा, धारदार चेन ढलप्या काढते.