मदत हवी आहे: पेमेंट करून परत आलं की सेशन रिकामं

तारकर्लीतल्या एका होमस्टेची बुकिंग साइट आहे. पीएचपी 7.4, शेअर्ड होस्टिंग, फ्रेमवर्क नाही. तारखा, खोली, पाहुण्यांची संख्या सगळं सेशनमध्ये ठेवतो (सर्व्हरवरची त्या भेटीपुरती नोंद; ब्राउझरच्या कुकीतल्या आयडीवरून ती सापडते). पेमेंट गेटवेवरून (पैसे घेणारी बाहेरची साइट) परत आलं की कधीकधी सेशन व्हेरिएबल गायब. पैसे कापलेले, बुकिंग नाही. मग पाहुण्यांचे फोन सुरू.

गंमत म्हणजे पेमेंट झटपट झालं तर सगळं नीट चालतं. रेंज नसल्यामुळे (आमच्याकडे ते नेहमीचंच) ओटीपी उशिरा आला की क्रोममध्ये हमखास बिघडतं. फायरफॉक्समध्ये एकदाही नाही. परतीच्या पानावर सेशन आयडीच नवा दिसतो. जुनी सेशन फाइल मात्र सर्व्हरवर शाबूत असते, म्हणजे मुदत संपल्याचा प्रश्न नाही.

सेशन स्टार्ट पहिल्याच ओळीत आहे, सगळीकडे एचटीटीपीएस आहे, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय असा घोळ नाही. सेशनची 1440 सेकंदांची मुदतही वाढवून पाहिली. गेटवे पोस्टनेच (फॉर्म सबमिट केल्यासारखं) परत पाठवतो, ते बदलता येत नाही.

संशय कुकीच्या सेमसाइटवर आहे (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची की नाही हे ठरवणारी सेटिंग). सेशन कुकीला सेमसाइट 'नन' (नेहमी पाठव) आणि 'सिक्युअर' (फक्त एचटीटीपीएसवर) लावणं पुरेसं आणि सुरक्षित आहे का? की बुकिंग आधीच डेटाबेसमध्ये टाकून, गेटवेच्या उत्तरावरची डिजिटल सही तपासून, ऑर्डर नंबरवरून शोधावं?