ट्रक भरून पाठवायचा की पैसे द्यायचे? नागपट्टणमला गेलेल्या आमच्या ट्रकावरून विचारतोय

कृष्णाकाठ

येत्या रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे. गाव भिलवडीच्या बाजूचं, नदी हाकेच्या अंतरावर. देशात कुठंही संकट आलं की आम्ही घरोघर फिरून धान्य-कपडे गोळा करतो आणि ट्रक पाठवतो. ते बंद करावं आणि जमेल तो पैसा तिथं टिकून काम करणाऱ्या जाणत्या संस्थेला द्यावा, असा ठराव मी मांडणार आहे. गावात यावरून दोन तट पडलेत. तुमची मतं हवी आहेत, पण आधी माझं सांगतो.

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामीच्या लाटा १४ देशांच्या किनाऱ्यांवर आदळल्या, सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. आपल्या देशात सगळ्यात मोठा घाव तमिळनाडूतल्या नागपट्टणमला बसला, त्या एका जिल्ह्यात सहा हजारांवर. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. टीव्हीवर ते बघून घरात बसवेना. आठ दिवसांत आम्ही ट्रक भरला. ज्वारीची तीस पोती, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कपड्यांचे गठ्ठे, आणि डिसेंबर-जानेवारीचे दिवस म्हणून स्वेटर आणि घोंगडी. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याची इरोडला ओळख होती, त्यांनी तिथला मुनीम सोबत दिला. नाहीतर आमच्यात तमिळ कुणाला येणार?

नागपट्टणमच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपडेच कपडे पडलेले. शर्ट, फ्रॉक, परकर, साड्या, चिखलात तुडवलेल्या. कुणी हात लावत नव्हतं. मुनीम म्हणाला, ही दर्यावर जाणारी माणसं, कुणाचं उतरलेलं अंगावर घालायची नाहीत. आणि आमच्या ट्रकात तेच भरलेलं. स्वेटरची तर गोष्टच सोडा, आम्ही बनियनवर घामानं निथळत होतो. एका बाईनं ज्वारी ओंजळीत घेतली, दाणे अंगठ्यानं फिरवून बघितले आणि मुनीमाला काहीतरी विचारलं. "हे पाखरांना घालायचं का," असं ती विचारत होती. तिची काय चूक? ती जन्मभर भात खाणारी.

मला विसरता येत नाही तो एक म्हातारा. त्यानं आम्हाला हाताला धरून होडीकडं नेलं आणि इंजिनावर हात ठेवला. आत वाळू गच्च भरली होती. त्याला मिस्त्री पाहिजे होता. आमच्या पलूस-किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात दर दोन घरांआड इंजिन खोलणारा पोरगा सापडतो. असली चार पोरं आणि एक पेटी पाने नेले असते तर त्या गावाच्या दहा होड्या पाण्यात गेल्या असत्या. आम्ही ज्वारी नेली.

पुढं २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आम्ही घेणाऱ्याच्या जागी आलो. शाळेच्या दोन खोल्या जुन्या कपड्यांनी भरल्या. घरात गुडघाभर गाळ, आणि फावडी-घमेली मागायला आम्ही पार तासगावपर्यंत गेलो. माणसं चांगल्या मनानं पाठवत होती, त्यांना दोष नाही. पण चांगल्या मनानं चुकीची वस्तू आली तर ती उचलून टाकायचं कामही बुडालेल्या माणसालाच लागतं.

बेदाणा

दादा, तुमचं दुःख खरं हाय, पण ठराव पटला न्हाई.

पैसे द्यायचे ते कुणाला? त्सुनामीतच बघा की. जगभरातून साडेतेरा अब्ज डॉलरच्या आसपास जमले. नंतर मदत संस्थांनीच एकत्र बसून तपासणी केली, २००६ ला अहवाल आला. त्यात हिशेब दिलाय, त्सुनामीग्रस्त माणसामागं ७,१०० डॉलर. आणि त्याच २००४ साली बांगलादेशात पूर आला, तिथल्या माणसामागं ३ डॉलर. तीन! पाणी दोन्हीकडं सारखंच वाईट. टीव्हीवर जास्त दिसलं तिकडं पैसा गेला. मग एवढा पैसा खर्चायचा तर दिसंल त्याला होडी वाटली. श्रीलंकेत गरजेपेक्षा जास्त होड्या झाल्या, त्यातल्या कित्येक समुद्रात न्यायच्या लायकीच्या नव्हत्या. ज्वारी चुकली ती तीस पोती चुकली. संस्था चुकली की गावच्या गाव चुकतं.

त्याच अहवालात आणखी एक लिहिलंय, पहिल्या दिवसांत जीव वाचवले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. २०१९ ला आमच्या तासगाव-खानापूर-आटपाडीकडच्या बायांनी पहाटे चुली पेटवल्या आणि सकाळी दहाला भाकरी तुमच्या काठाला पोचली. कुठल्या संस्थेची जीप दहाला आली होती? आमचा भाग दुष्काळी, आम्हाला पाण्याचं दुःख ठाऊक न्हाई, तरी आलो. ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली त्या दिवशी आमच्या गावात चूल पेटली न्हाई. हे नातं पैशाच्या पावतीनं जुळतंय व्हय?

आणि सरकारनं २००४ ला काय केलं? परदेशी सरकारांची मदत नको म्हणून सांगितलं आणि वर आपल्या नौदलाची जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला धाडली. शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडं स्वतः जायचं असतं.

मिरजेची सिस्टर

बेदाणाभाऊ, भाकरीचं सगळं मान्य. मी तेव्हा निवारा केंद्रावर होते, ती भाकरी मी स्वतः खाल्ली आहे. पण भाकरी पहिल्या दोन-तीन दिवसांची. चौथ्या दिवसापासून जे मारतं ते पाणी.

आमच्या केंद्रावर एका शाळेत चारशेवर माणसं आणि पाच संडास. बायका रात्र होईपर्यंत जायच्या नाहीत, म्हणून पाणी प्यायच्या नाहीत. मग लघवीची जळजळ, ताप. ट्रकातून हजारो बिस्किटपुडे आले. पाळीच्या कपड्याचा एक गठ्ठा यायला पाचवा दिवस उजाडला, आणि तो एका संस्थेच्या मुलीनं आणला. कारण तिच्या हातात यादी होती. या यादीला मोठा इतिहास आहे. जगातल्या मदत संस्थांनी १९९७ पासून मिळून किमान मापं ठरवली आहेत. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २० माणसांमागं एक संडास, डोक्यावर माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर. ही मापं कोरडी वाटतात. पण त्या पाच संडासांसमोर उभं राहिलं की कळतं, कुणीतरी आधी मोजून ठेवणं म्हणजे काय.

त्सुनामीनंतर सगळे एकच म्हणत होते, आता रोगराईनं आणखी माणसं जाणार. मोठी साथ आली नाही. का नाही आली? पाण्यात क्लोरीन, गोवराची लस, रोजच्या रोज तापाच्या नोंदी. आपल्याकडं तेच पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीनं आणि आशाताईंच्या वहीनं होतं. प्रेतांमुळे साथ पसरते या समजुतीनं तेव्हा ओळख न पटवता घाईनं सामूहिक दफनं झाली, आणि किती आयांना आपलं पोर कुठं पुरलं तेही कळलं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आपत्तीत दुखापतीनं गेलेल्यांच्या प्रेतांमुळे साथी येत नाहीत. हे माहीत असलेला एक माणूस त्या गावात असता तर!

आणि सगळ्या संस्था पैशाला हपापलेल्या नसतात. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सनं जानेवारी २००५ च्या पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की त्सुनामीसाठी लागेल तेवढे पैसे जमले, आता यासाठी पाठवू नका. दुसऱ्या संस्था त्यांच्यावर चिडल्या. मला विचाराल तर दान कुणाला द्यावं हे ओळखायची ही एक खूण आहे.

कोयनाखोरं

मी पाटणचा. तुम्ही सगळे पहिल्या महिन्यावर भांडताय, माझा प्रश्न तिसऱ्या वर्षाचा आहे.

आमच्या आजीनं ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप बघितला. मी २०२१ च्या जुलैमध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर डोंगर उतरला तो बघितला. दोन्ही वेळा मदत आली, फोटो निघाले, माणसं परत गेली. घराचा प्रश्न मात्र फार रेंगाळतो. धरणासाठी उठवलेल्या आमच्या लोकांची जमिनीसाठीची वणवण तर पिढ्या उलटल्या तरी चालू आहे. पुनर्वसन हा शब्द इथं लहान पोरालाही येतो.

संस्थांना पैसे द्या म्हणताय, तर त्या घरं कशी बांधतात तेही बघा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ रांगा. गल्ली, वाडा, गोठा, ओटा काही राहिलं नाही, शेत लांब गेलं. तमिळनाडूतही सरकारनं संस्थांना घरं बांधायला बोलावलं, आणि काही गावांत सावलीची झाडं तोडून, राहण्याजोगी जुनी घरंसुद्धा पाडून मैदान केलं, त्यावर सिमेंटचे डबे उभे केले. कोळ्याला अंगण लागतं, जाळं पसरायला. ते कुणी विचारलं नाही.

उलटी बाजूही आहे, ती लपवत नाही. इंडोनेशियानं त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या आचे प्रांतासाठी वेगळं पुनर्बांधणी मंडळ काढलं, चार वर्षांची मुदत बांधून. संस्थांचं काम त्याच्यामार्फत जोडून घेतलं. सुमारे १ लाख ४० हजार घरं उभी राहिली आणि २००९ मध्ये ते मंडळ बंद झालं. मुदत घालून, हिशेब देऊन, बंद! मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या तालुक्यातल्या फायली आल्या.

म्हणून ठरावात एवढं घाला: पैसे देण्याआधी त्या संस्थेला विचारा, तुम्ही तिथं किती वर्षं राहणार आणि घराचा नकाशा कुणाला दाखवणार.

सातबारा नसलेली

वाळवा तालुक्यातून लिहितेय. कुणी काढलं नाही म्हणून एक गोष्ट काढते.

माझी आई दुसऱ्याच्या हळदीत खुरपायला जाते. पुरात शेत गेलं मालकाचं. पंचनामा मालकाच्या नावाचा, भरपाई मालकाच्या खात्यावर. ते बरोबरच आहे, त्याचं नुकसान झालं. पण आईचा तीन महिन्यांचा रोज बुडाला. तो कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही. तलाठी चांगले होते, ते म्हणाले, "मावशी, कॉलमच नाही ओ."

नागपट्टणमला हेच झालं. होडी ज्याची गेली त्याला होडी. वेदारण्यमच्या मिठागरांत राबणारे, खाऱ्या पाण्यानं नापीक झालेल्या शेतातले मजूर, मासे टोपलीत घेऊन दारोदार विकणाऱ्या बायका मागं राहिल्या. त्यात दलित वस्त्या कोळीवाड्यांपासून अंतरावर, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकाला दिसायच्या नाहीत. बेदाणाभाऊ, तुमची भाकरी आमच्या वस्तीत पोचली नाही असं मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पोचली. पहिल्या दिवशी गाडी वेशीत थांबली, कारण गाडीवाल्याला पाटलांचं घर ठाऊक होतं, आमची वस्ती ठाऊक नव्हती. ओळखीनं दिलेली मदत ओळखीच्याच घरी जाते. चांगली संस्था असेल तर ती दारोदार जाऊन नावं लिहिते, त्यात आईचंही नाव येतं. मला भीक नको आहे, नोंद हवी आहे.

बेदाणा

ताई, हे मला माहीत नव्हतं. गाडी आमच्याच गावची असंल तर चुकलं आमचं. पुढच्या वेळी आधी वस्तीवर येतो, रस्ता तेवढा सांगून ठेवा.

कृष्णाकाठ

ठराव बदलतोय. पहिले तीन दिवस भाकरी-पाणी चालू राहील, पण फक्त सकाळी निघून दुपारी पोचता येईल एवढ्या अंतरात. त्यापुढच्या गावांना फक्त पैसा. आणि संस्था निवडताना कोयनाखोऱ्याचे दोन प्रश्न विचारायचे, शिवाय भूमिहीनांची नावं कशी लिहिता हा तिसरा. नागपट्टणमला मी एक चांगली गोष्टही बघितली होती, ती वर राहून गेली. तिथल्या मच्छीमारांच्या संघटनांनी आणि स्थानिक संस्थांनी जानेवारीच्या पहिल्या दिवसांतच एक समन्वय केंद्र काढलं होतं, कुठल्या गावात काय आलं आणि काय कमी आहे ते लिहून ठेवायला. आमच्या ट्रकाला त्यांनीच दिशा दिली. भाकरी-चटणी तिथं आलेल्या कानडी स्वयंसेवकांना उपयोगी पडली. असं केंद्र जिथं असेल तिथं आधी फोन करायचा, मगच इकडं वर्गणीची पावती फाडायची.

आणि मिस्त्र्यांची यादी. इंजिन, मोटार, वायरिंग, गवंडी. नावं आत्ताच लिहून ठेवायची.

बेदाणा

लांबच्या गावाला नुसता पैसा हे मला अजून पटत न्हाई. तुमच्या मंडळात असतो तर त्या कलमाला विरोधात हात वर केला असता. माणूस माणसाला दिसला पायजे, मग तो नागपट्टणमचा का असंना. पण यादीत माझ्या पुतण्याचं नाव घाला. डिझेल इंजिन आणि सबमर्सिबल, दोन्ही खोलतो. बोलावलं की येईल.

मिरजेची सिस्टर

यादीतल्या सगळ्या पोरांना निघायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. गाळात पत्रे आणि खिळे असतात. आणि चपला नकोत, गमबूट द्या.