नाटकात पाणी दिसतच नाही, सिनेमात दाखवायचं का?

पायरीवाला

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉप चालवतो. दिवसभर फौंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा काढतात ते नमुने, आणि संध्याकाळी सातनंतर मशीन बंद करून त्याच शेडमध्ये नाटकाची तालीम. भुसा झाडायचा, सतरंजी टाकायची, सुरू. 2019 च्या पुरावर एक दोन अंकी नाटक लिहिलं, राज्य नाट्य स्पर्धेत केलं, मग इकडंतिकडं धरून अकरा प्रयोग झाले. त्यातले दोन केशवराव भोसले नाट्यगृहात, ते जळायच्या आधी.

आता शाहू मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करणारा एक मित्र म्हणतोय, पिक्चर काढूया, पैसे मी घालतो. फार नाहीत, पण आहेत.

नाटक सगळं एका माळ्यावर घडतं. पंचगंगेकाठचं गाव, खालचं घर पाण्यात, वर आबा, त्यांची सून आणि आठवीतली नात. तिघंच. पाणी स्टेजवर कुठंच नाही. विंगेला लागून जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसतात. नात मधूनमधून बॅटरी घेऊन तिथं वाकते आणि सांगते, "पाचवी गेली." मग "सहावी." जिना तेरा पायऱ्यांचा आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं. नववीपासून ती आकडा सांगायचं बंद करते. नुसती वाकून बघते आणि परत येऊन आईजवळ बसते. अकराच्या अकरा प्रयोगांत त्या जागी कोण खोकलासुद्धा नाही.

मित्राला ड्रोन पाहिजे. शिरोलीला हायवेवर पाणी, बोटी, हेलिकॉप्टर. "लोक पुराचा पिक्चर बघायला येणार आणि तू त्यांना जिना दाखवणार व्हय?" राग आला, पण रात्री झोप लागेना, कारण त्याचं अगदीच चूक नाही. स्टेजवर पाणी येणार नाही हे प्रेक्षकानं तिकीट काढतानाच मान्य केलेलं असतं. कॅमेरा कुठंही जाऊ शकतो. मग तो तिकडं वळलाच नाही, तर पैसे नव्हते म्हणून लपवलं असं वाटणार नाही का?

दुसरी अडचण. दुसऱ्या अंकात आबांचं सात मिनिटांचं स्वगत आहे, खाली दावणीला राहिलेल्या म्हशीवर. हमखास टाळीचं. ठेवू की कापू?

सल्ले फुकटचे चालतील, पण खरे द्या.

विंगेतला

भावा, आधी स्वगत. मी मोरेवाडीला चित्रनगरीत मालिकांवर असिस्टंट म्हणून राबलोय, त्यामुळं थोडं कळतं. स्टेजवर माणूस एकटा मोठ्यानं बोलला तर कुणाला खटकत नाही. पडद्यावर तोच माणूस तीन फुटांवर असतो, आणि पहिल्याच वाक्याला बघणारा विचारतो, हा कुणाशी बोलतोय? 'नटसम्राट' नाटक 1970 चं. 2016 ला सिनेमा आला तेव्हा त्यात अप्पांना रामभाऊ हा मित्र दिला, विक्रम गोखल्यांनी केलेला. आवडो न आवडो, पण बोलायला समोर एक माणूस मिळाला. तुझ्या आबांना म्हशीबद्दल नको, म्हशीशीच बोलू दे. फळीच्या फटीतनं खाली. आणि सात मिनिटं नाही, दीड. बाकीचं म्हैस करेल.

दुसरं असं की शूटिंग क्रमानं करायला मिळालं तर सोडू नकोस. एकच लोकेशन आहे, तीन नट आहेत, ही चैन मोठ्या पिक्चरवाल्यांना परवडत नाही. पहिल्या दिवशी कोरडे कपडे, शेवटच्या दिवशी खरंच दमलेली तोंडं. आणि आवाज जागेवरच रेकॉर्ड कर. नाटकवाल्यांना डबिंगला उभं केलं की ते पुन्हा शेवटच्या रांगेपर्यंत बोलायला लागतात.

जुना पिटातला

तुमचा केशवरावमधला प्रयोग मी बघितलाय. अगदी कडेची खुर्ची मिळाली होती, तिथनं समोरची विंग आरपार दिसत होती. तुमचा एक पोरगा बनियनवर बसून प्लास्टिकच्या बादलीत हात घालून चुळुकचुळुक करत होता. सगळं डोळ्यांदेखत. तरी नववी पायरी आली तेव्हा मी चपला काढून पाय खुर्चीवर घेतले होते. हे बायकोनं दाखवलं म्हणून कळलं.

तेव्हा पाणी दाखवायचं की नाही हा प्रश्नच चुकलाय. बादली दिसत असताना मी घाबरलो, ते त्या पोरीमुळं. ड्रोनवाल्याला ती पोरगी वरून कशी दिसणार?

आणि ते "बाहेर काढायला पाहिजे" हे खूळ डोक्यातून काढा. 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आलं 1967 ला, सत्यदेव दुबेंनी 1971 ला सिनेमा केला, बेणारेबाई दोन्हीकडं सुलभा देशपांडेच. नाटकात ती बाई दार उघडायला जाते आणि कडी बाहेरून अडकलेली असते. आता त्या बंद हॉलमधनं कॅमेरा घटकाभर मोकळ्या हवेत हिंडवून आणला तर कोंडण्याला अर्थ काय राहिला? तुमच्या माळ्याचंही तेच.

जाता जाता. शाहू महाराजांनी 1915 ला बांधून घेतलेलं ते थिएटर 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, तेव्हा मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. तुमच्या नाटकाची एक तरी प्रत पडद्यावर राहावी असं मला वाटतं, ते त्या रात्रीपासून. एवढंच.

कलम एकोणीस

थोडं रुक्ष बोलतो. नाटक संपूर्ण तुमचंच आहे का? कुणाच्या कथेवरून घेतलं असेल तर नाटकाची परवानगी सिनेमाला चालत नाही. प्रयोग करण्याचा हक्क वेगळा, चित्रपट करण्याचा वेगळा. मित्राबरोबरसुद्धा लेखी करा आणि त्यात मुदत घाला. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. आणि नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र प्रयोगापुरतं. थिएटरात लावायचं तर सेन्सॉरचं नवं लागेल. मैत्री आहे म्हणून कागद टाळू नका, मैत्री आहे म्हणूनच करा.

आंबेवाडीची सून

दादा, मी नाटक बघितलेलं नाही, पण माळ्यावर बसलेली आहे. आमच्यात पाच माणसं आणि शेजारची दोन. म्हणून सांगते.

पाणी चढताना आवाज करत नाही. बाहेर ओढ्याकडनं घोंघावतं, पण घरात शिरताना गप येतं. आणि दारातनं येत नाही आधी. आम्ही उंबऱ्याला पोती लावून दाराकडं बघत बसलो होतो, आणि ते मागनं मोरीतनं वर आलं. भांडी घासायची राख तरंगत होती त्यावर. तुमची बादली बंद करा. चुळुक काही नसते.

सगळ्यांचं चाललेलं असतं राजाराम बंधाऱ्याला किती, पंचगंगेचं पाणी तिथंच मोजतात. 39 फूट इशारा, 43 धोका, हे बारकी पोरंपण सांगतात. त्या वर्षी 55 च्या वर गेलं. पण मोबाईल बंद पडला की फूट संपले. मग घरातलीच मापं. कोनाड्यापर्यंत आलं, देव्हाऱ्यापर्यंत आलं. सासूबाईंनी देव वर आणले आणि डबा खाली विसरला. नऊवारीत गुंडाळून ठेवले होते देव.

आणि म्हशीचं. बांधून कोण ठेवत नाही हो. दावं सोडतात, किंवा कापतात. आमच्या मामंजींनी विळ्यानं कापलं, आणि ती जाईना. दारातच उभी राहिली. त्यावर ते काही बोलले नाहीत, अजूनपण बोलत नाहीत. तुमचा आबा सात मिनिटं बोलतो म्हणता, बोलू दे, नाटक आहे. पण मला विचाराल तर मी गप्पच बघितलाय.

पायरीवाला

ताई, तुमचं वाचून तालीम दोन दिवस बंद ठेवली. स्वगत गेलं. दावं कापलेलं राहील, आणि म्हैस जात नाही ते फळीच्या फटीतनं. विंगेतला, दीड मिनिटसुद्धा नाही, सॉरी.

कलमवाले, गोष्ट माझीच आहे. कागद करतोय, मुदतीसकट.

पिटातले काका, त्या पोराला तुमचं वाचून दाखवलं. लाजला. पुढच्या वेळी शर्ट घालतो म्हणाला. आता बादलीच नाही म्हटल्यावर तोंड पडलं त्याचं.

काल शेडमध्ये मोबाईलवर एक चाचणी घेतली. तेरा पायऱ्यांचा जिना करायला मला एक रविवार पुरला, लाकडाचंच काम. खालच्या अंगाला परातीत पाणी ठेवलं आणि त्यावर बॅटरी धरली. नात वाकली की तो उजेड तिच्या हनुवटीखाली हलतो. पाणी कुठंच नाही, पण आहे. नववीपर्यंत परात एकेक पायरी वर सरकवत नेली, तसा उजेड हनुवटीवरनं डोळ्यांपर्यंत चढला.

पोरगी मात्र पहिल्या टेकला स्टेजवरच्यासारखी ओरडली, "पाचवी गेली!" आमच्या धंद्यात बिडाचा पॅटर्न मापापेक्षा मोठा करावा लागतो, मीटरला 10 मिलिमीटर, कारण ओतकाम थंड होताना आकसतं. तिला म्हटलं, बाळा, तू आजवर शेवटच्या रांगेपर्यंत जाताना आकसणार म्हणून मोठं करत होतीस. इथं काही आकसत नाही. नेमक्या मापाचं कर. पाचव्या टेकला ती आकडा जवळजवळ स्वतःशीच बोलली. नववीला बोलायचंच नव्हतं, तर ओठ हलले. ते मी सांगितलेलं नव्हतं.

क्लिप मित्राला दाखवली, अडत्याच्या गादीवर बसून, शेजारी गुळाचे रवे. दोनदा बघितली त्यानं. ड्रोनचं काही बोलला नाही. म्हणाला, "मोरीचा शॉट कधी घ्यायचा? आमच्या जुन्या घरात तसली मोरी आहे, पुढच्या महिन्यात पाडणार आहेत ती."