नववीतला मुलगा, डिसग्राफिया आणि दहावीच्या सवलती: गणित सोडावं का?

कृष्णाकाठ:
मुलगा नववीत आहे, मराठी माध्यम, आम्ही मिरजेचे. तोंडी विचारलं तर ओहमचा नियम उदाहरणासकट सांगतो, पेपरात त्याच प्रश्नाखाली जेमतेम दीड ओळ असते. 'ध' आणि 'घ' अजून अदलाबदल होतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. चौथीत असताना सांगलीत एका खासगी मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घेतली होती, त्यांनी डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, लिहून दिला. परवा तो अहवाल शाळेत दाखवला तर वर्गशिक्षक म्हणाले, "मग प्रश्नच मिटला, सवलतीत दहावीच्या गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घ्या, आरामात पास होईल." घरचे सगळे खूश आहेत. पण याला इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करायचाय. काकांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, सुट्टीत हा तिथेच पडलेला असतो. गणित त्याला कळतं, कागदावर उतरत नाही. काय करावं?

डोंबिवलीफास्ट:
ताई, बोर्डाच्या नादालाच लागू नका. एनआयओएसला, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेला घाला. पाच विषय, त्यात एक भाषा असली की झालं. वर्षातून दोनदा परीक्षा, प्रवेश पाच वर्षं चालतो, एकेक विषय सोडवत न्यायचा. आमच्या मुलीने तसंच केलं, आता बारावीला आहे.

खडूफळा:
विशेष शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, नोकरीतली बरीच वर्षं माध्यमिक शाळांत गेली. कृष्णाकाठताई, सातवीचं अंकगणित अजिबात घेऊ नका. ती सवलत डिसकॅल्क्युलियाच्या मुलांसाठी आहे, ज्यांना संख्याच लागत नाहीत. तुमच्या मुलाची अडचण हाताची आहे. इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावी गणित आणि विज्ञान घेऊन पास असावी लागते. सर वाईट हेतूने बोलले नसतील. शाळेचा निकाल लागतो, पालक सुटकेचा श्वास टाकतात, आणि मुलगा जूनमध्ये आयटीआयच्या खिडकीवरून परत येतो. अशी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून जरा कडक लिहिते.

अहवालाचं: खासगी कागद बोर्ड धरत नाही, शासकीय वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय चौथीतली तपासणी आता जुनी झाली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेची (डिसग्राफिया त्यातच येतो) तपासणी वयाच्या १४ व्या वर्षी पुन्हा करायची असते, नंतर १८ व्या वर्षी. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरा आणि जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तारखेला वेळ लागतो, म्हणून नववीतच धावपळ करा. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचे फॉर्म भरताना कागद हातात नसला तर सगळेच घायकुतीला येतात. जाताना जुन्या वह्या न्या, नीटनेटक्या केलेल्या नकोत, खाडाखोडीच्याच न्या.

मागायचं काय, तर लेखनिक आणि वाढीव वेळ. तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या बीजगणिताला ४० मिनिटं जास्त. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, तेव्हा मागताना आवाज खाली ठेवू नका.

आता जे कोणी सांगत नाही ते. लेखनिक मिळाला म्हणजे मार्क मिळाले असं होत नाही, सांगायला शिकावं लागतं. लेखनिक खालच्या वर्गातला असतो, त्याने वर्गसमीकरण पाहिलेलंही नसतं. "उणे बी, अधिक-उणे, वर्गमुळात बी वर्ग वजा चार ए सी, छेद दोन ए" एवढं म्हणून तुमचा मुलगा थांबला, तर लेखनिक मुळाचं चिन्ह फक्त बी वर्गावर काढेल आणि छेद मुळाच्या शेपटीखाली टाकेल. मग उत्तर चुकलं तर दोघांनाही कळत नाही का चुकलं ते. म्हणून "मुळाचं छत ए सी पर्यंत ओढ, आता सगळ्याच्या खाली लांब रेघ, रेघेखाली दोन ए" असं बोलायची सवय हवी. भूमितीत तर बिंदूंची नावं घड्याळाच्या दिशेने सांगायची, हे आधी ठरवून टाका. निबंधात परिच्छेद कुठे मोडायचा, अवतरण कुठे सुरू, कुठे बंद, हेही तोंडानेच. माझ्या वर्गात मुलं पहिल्यांदा लेखनिकाबरोबर बसली की नुसती गप्प व्हायची. डोक्यात सगळं असतं, पण स्वतः बोललेलं कागदावर दिसेपर्यंत पुढचं निसटतं. घरात रोज एक गणित असं करा. तुम्ही लेखनिक व्हा आणि मुद्दाम बावळटासारखं लिहा. तो जे बोलेल तेवढंच, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. चिडेल, चिडू दे.

डोंबिवलीफास्ट, एनआयओएस चांगलंच आहे, पण या मुलाला तिथेही गणित घ्यावंच लागेल. आणि मिरजेत वर्ग, मित्र, सर सगळं सोडून घरी बसून अभ्यास करणं पंधरा वर्षांच्या पोराला जड जातं. शाळा फारच आडमुठी निघाली तर तो रस्ता आहेच.

गुरुजी_पुणेरी:
भाषेतून सूट घेता येते ना? हिंदी सोडायचं, त्याजागी कार्यानुभवाचा विषय.

खडूफळा:
येते. पण आधी सहामाही लेखनिकासह देऊ द्या. लिहायचं ओझं गेल्यावर कित्येकांना हिंदी सोडावीशी वाटत नाही, तो तर बोलका मुलगा दिसतोय. इंग्रजी मात्र सोडू नये असं माझं मत. रिवाइंडिंगच्या दुकानातसुद्धा मोटारीवरची पाटी इंग्रजीतच असते.

कृष्णाकाठ:
खूप आभार बाई. आज सरांना भेटले, गणित ठेवणार म्हणून सांगितलं. "बघा बुवा, तुमची जबाबदारी" म्हणाले. जिल्हा रुग्णालयाची चौकशी सोमवारी. एक विचारायचं राहिलं: माझी भाची आठवीत आहे, याच्या दहावीला ती नववीत असेल. ती लेखनिक चालेल का? अक्षर सुरेख आहे तिचं.

खडूफळा:
चालायला हवी, एक इयत्ता खालची आहे आणि स्वतःचा लेखनिक निवडता येतो. तिच्या शाळेचा दाखला लागेल. नातं आहे हे मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा, ऐनवेळी कोणी हरकत घ्यायला नको. अक्षर सुरेख असणाऱ्या मुली हळू लिहितात, तेवढा वेग तपासा. आणि तिला गणितात फार गती असेल तर दुसरं कोणी शोधा, न सांगता दुरुस्त करायला जाईल.

कृष्णाकाठ:
गणितात काठावर पास आहे.

खडूफळा:
मग हीच घ्या.