वडिलांच्या तळपायाची जखम : अंगठा काढण्याआधी काय तपासून घ्यावे?

प्रश्न (लालबागहून)

नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे असून त्यांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. जूनमध्ये चपलेतला खिळा त्यांच्या उजव्या अंगठ्याखाली रुतला, पण त्यांना तो जाणवलाच नाही. आईला लादीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा आम्हाला कळले. सात आठवडे रोज ड्रेसिंग करूनही रुपयाच्या नाण्याएवढी जखम तशीच आहे आणि तिच्या कडेची कातडी पांढरी व जाड झाली आहे. एका डॉक्टरांनी अंगठा काढण्याचा सल्ला दिला आहे. व्हॅक (जखमेतला स्राव पंपाने ओढून घेणारी पट्टी) किंवा ऑक्सिजनच्या (बंद कक्षात जास्त दाबाने ऑक्सिजन देण्याच्या) उपचारांनी तो वाचू शकेल का?

उत्तर १ (परिचारिका, जखम विभाग)

ताई, महागड्या उपचारांकडे वळण्याआधी पायापर्यंत रक्त पोहोचते का, हे पाहून घ्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात, परंतु मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचल्यामुळे तो आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी) आणि पायाच्या बोटातील रक्तदाब मोजण्याचा आग्रह धरा. अडथळा निघाला तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार आधी व्हावा लागतो, कारण रक्तच पोहोचत नसेल तर कोणतेही ड्रेसिंग कामाला येत नाही.

तुम्ही लिहिलेली पांढरी, जाड कड मला अधिक बोलकी वाटते. त्या जागेवर अजून भार पडतो आहे, असा तिचा अर्थ असतो. 'बाबा फक्त मोरीपर्यंत चालतात' असे नातेवाईक सांगतात, पण संवेदना गेलेल्या पायाला दुखत नसल्यामुळे माणूस पूर्ण भार टाकतो आणि रात्रभरात धरलेली नवी कातडी सकाळच्या दहा पावलांत चुरडली जाते. रक्तपुरवठा पुरेसा असेल आणि जंतुसंसर्ग आटोक्यात असेल, तर गुडघ्याखालपर्यंतचे खास प्लास्टर, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, घालून तो भार संपूर्ण पायावर विभागता येतो. हा उपाय जुना आणि साधा आहे, तरी तो फार थोड्यांना सुचवला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर २ (ठाण्याहून)

माझ्या आईच्या टाचेला व्हॅक लावले होते. जखमेत स्पंज बसवून वर हवाबंद पट्टी लावतात आणि छोट्या पंपाने आतला स्राव ओढून घेतात. मात्र त्याआधी मेलेले मांस काढून जखम स्वच्छ करावी लागली. आम्ही घरी रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतत होतो. त्याने नव्या पेशीही मरतात, हे आम्हाला फार उशिरा समजले. तुम्ही तसे करत असाल तर कृपया आजच थांबवा.

उत्तर ३ (शल्यचिकित्सक)

जखमेत घातलेली निर्जंतुक सळई हाडाला लागते का, हे डॉक्टरांना पाहू द्या. हाडाचा संसर्ग पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे शंका असल्यास एमआरआय करावा लागतो. काही रुग्णांत दीर्घकाळ प्रतिजैविके देऊन बोट वाचते. मात्र पाय काळा पडू लागला, लाली वर चढली, दुर्गंधी किंवा ताप आला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. अशा वेळी एखादे बोट वेळेवर काढल्याने संपूर्ण पाय वाचतो, म्हणून शस्त्रक्रियेला सरसकट नकार देऊ नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. डॉपलर झाले, रक्तपुरवठा ठीक आहे आणि एमआरआयमध्ये हाडही स्वच्छ आले. शुक्रवारी प्लास्टर घालणार आहेत. गणपतीत आरतीला उभे राहता येईल का, असे बाबा विचारत आहेत.

उत्तर १ (परिचारिका)

त्यांना खुर्ची द्या, ताई. टाळ मात्र त्यांच्याच हातात असू द्या.