रतनगड ते हरिश्चंद्रगड एकट्याने, कात्राबाई खिंडीतून. जमेल का?

एकटाजीव
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस सुट्टी जमतेय. रतनवाडी, रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं असं डोक्यात आहे. सोबतच्या दोघांनी ऐनवेळी टांग दिली (एकाचं लग्न ठरलंय, त्याला माफ) म्हणून एकटाच निघावं म्हणतोय. आत्तापर्यंत कळसूबाई, राजगड-तोरणा आणि पाचनईकडून हरिश्चंद्रगड झालेत पण सगळीकडे कुणाच्या तरी मागे मागे चालत. सॅक, टेंट, छोटा स्टोव्ह आहे. खिंडीची वाट एकट्याला सापडते का आणि पाणी किती घेऊ? घरी "मित्र आहेत सोबत" असं सांगितलंय, तेव्हा जरा हळू बोला.

ढोरवाट
सापडते, आणि हरवतेपण. मी एकटाच गेलो होतो. रतनगडाचा फाटा सुटेपर्यंत वाट एकदम मळलेली, पुढे कारवीची दाट झुडपं चालू झाली की ढोरवाटांचं नुसतं जाळं आणि प्रत्येक वाट खरीच वाटते. मी पकडली ती चांगली रुंद होती, शेणपण ताजं, म्हटलं माणसांची वर्दळ आहे, वीसेक मिनिटं खुशीत चाललो आणि वाट कारवीच्या गचपणात जाऊन संपली. पुढे काहीच नाही, फक्त गुरं बसून चेपलेलं गवत. फोनवर मॅप डाउनलोड केलेला होता, पण ठिपका म्हणतोय तू वाटेवरच आहेस! खिंड वर समोर दिसत होती त्यामुळे सरळ घुसायचा मोह झाला, चार पावलं गेलोपण, सॅक अडकायला लागली आणि पायाखाली घसारा, तेव्हा शहाणपण आलं. निमूट मागे फिरून वाटखुणेचे शेवटचे रचलेले दगड जिथे दिसले होते तिथे आलो. तिथे कोयता घेतलेले एक मामा भेटले, "येकलाच आला व्हय?" एवढंच विचारलं आणि पुढे चालायला लागले. कुमशेतला त्यांच्याच घरी नागलीची भाकरी खाल्ली.
पाणी तीन लिटर घे, रतनगडावरच्या टाक्यातून भरून निघ. ओढ्याच्या भरवशावर राहू नको.

सह्यवेडा
पहिल्यांदाच ही वाट करताय आणि तीपण एकटे? पाय मुरगळला तर काय करणार? आमच्या वेळी असली थेरं नव्हती.

मुक्ताताई
सह्यवेडा, तुमच्या वेळीपण लोक एकटे जायचे, सांगायचे नाहीत इतकंच 🙂
एकटाजीव, अरे आधी आईला खरं सांग. मुक्काम कुठे, उतरणार कधी, हे कागदावर लिहून घरी ठेव. खिंडीच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही, उशीर झाला तर निदान शोधायचं कुठे हे कुणाला तरी माहीत हवं. आणि वाटाड्या पूर्ण ट्रेकला नको, रतनवाडीतून फक्त खिंडीपर्यंत घे, पाचनईची वाट पुढे कुमशेतला विचारून घे. पहिला मुक्काम रतनगडाच्या गुहेत कर, सकाळी लवकर निघ, डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं.
सगळा पट्टा अभयारण्यात आहे, चुली पेटवू नकोस. धुराने आग्या मोहोळ उठलं तर एकट्याला पळायलापण जागा नसते.
आणि एकांत हवा असेल तर तारीखच बदल. थर्टीफर्स्टच्या आसपास हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तुळशीबाग असते.

ढोरवाट
+१. मला कुमशेतपर्यंत मोजून एक माणूस भेटला आणि हरिश्चंद्रगडावर देवळापाशी पिठलं-भाकरीला लाइन!

एकटाजीव
सगळ्यांचे आभार. जानेवारीत, आठवड्याच्या मधे जातोय, खिंडीपर्यंत वाटाड्यापण घेतोय. आईला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही, आज विचारलं धपाटे किती देऊ. आता शेवटचं, खिरेश्वरहून खुबी फाट्यापर्यंत काही मिळतं की चालायचं?

मुक्ताताई
चालायची तयारी ठेव, धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटर आहे. फाट्यावर माळशेजवरून कल्याणला जाणारी एसटी मिळते. भरलेली असली तर थांबत नाही, म्हणून थोडे धपाटे तेव्हासाठीपण ठेव.