सागवानी टॉपला खालून बेसिन बसवायचंय, लाकूड टिकेल का?

जुळे_सोलापूरकर: घराचं काम चालूय. जुन्या वाड्याच्या तुळया चिरून दीड इंची सागवानी टॉप करून घेतलाय, त्याला सिरॅमिकचं बेसिन खालून लावायचंय, म्हणजे वर कड राहत नाही आणि सांडलेलं पाणी हातानं सरळ आत लोटता येतं. सुतार म्हणतोय ग्रॅनाइटच टाका, प्लंबर म्हणतोय एपॉक्सीनं (वाळून कडक होणाऱ्या गोंदानं) चिकटवू, काय होत नाही. कुणाचं ऐकू?

रंधा_पटाशी: दोघांचंही नको. सागवान टिकतं की, फक्त कापलेली कड सांभाळा. भोक पाडलं की फळीच्या रेषा तुटून तोंडं उघडी पडतात आणि पाणी तिथूनच आत शिरतं, वरून तेवढं नाही. कडेची धार पॉलिश पेपरनं मोडून घ्या, टोकदार धारेवर पॉलिश थांबतच नाही. सागवान तेलकट असतं म्हणून आधी अ‍ॅसिटोननं पुसा, मग पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) पहिला हात पातळ करून कडेला पिऊ द्या, वर अजून तीन हात. नळाच्या भोकाच्या आतून आणि टॉपच्या खालच्या बाजूलाही मारायचं हां! खालची बाजू बरेच जण कोरी सोडतात, मग एकच बाजू ओल धरते आणि फळी वाकते.

एपॉक्सीनं चिकटवू नकाच. आपल्याकडं मे महिन्यात ४० च्या वर कोरडं ऊन, पाठोपाठ पावसाळा, लाकूड रुंदीत आखडतं-फुगतं आणि सिरॅमिक जागचं हलत नाही, मग सांधा तरी सुटतो नाहीतर लाकूड तरी चिरतं. न्यूट्रल सिलिकॉन (व्हिनेगरसारखा आंबट वास न येणारं सांधे भरायचं सिलिकॉन) वापरा, ते लवचिक राहतं.

प्लायवाला_अक्कलकोट_रोड: वजन सिलिकॉनवर सोडू नका. भरलेलं बेसिन जड होतं, खाली दोन्ही बाजूंनी पट्ट्यांची चौकट देऊन त्यावर टेकवा. प्लाय वापरणार असाल तर आयएस ७१० मार्काचाच (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय), आयएस ३०३ चा साधा प्लाय ओलाव्याला टिकतो पण सतत पाण्यात नाही.

जुळे_सोलापूरकर: भारी माहिती! टॉपची कड बेसिनच्या आत किती घ्यायची? आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग?

रंधा_पटाशी: पाचेक मिमी आत घ्या, आणि त्या बाहेर आलेल्या भागाला खालून बारीक खाच मारा. खाच नसली तर पाणी खालच्या अंगानं सरकत सांध्यापर्यंत जातं, खाच असली की तिथंच तुटून बेसिनमध्ये पडतं. डागांना बाथरूमचं अ‍ॅसिड अजिबात लावू नका, पॉलिश जातं. वापरून झालं की कोरडं फडकं फिरवायचं, क्षार वाळूच द्यायचे नाहीत. सिलिकॉन भरल्यावर एक अख्खा दिवस नळ बंद ठेवा.